तिसऱ्या पुलावरचा म्हातारा

विजयश्रीच्या पोटात दर रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास दुखायला लागायचं, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. साडेसातला पेपर यायचा. तिचे वडील, अर्जुनराव, ज्यांना ती अण्णा म्हणायची, आतली पुरवणी वेगळी काढायचे, चहा तसाच निवत ठेवून चौथं पान उघडायचे आणि चष्मा पुसून वाचायला बसायचे. त्या पानावर डाव्या कोपऱ्यात स्वरूपाचा हसरा फोटो असायचा, शेजारी ‘जगातली देखणी गावं’ हे सदराचं नाव, आणि खाली पान भरून मजकूर. तो मजकूर विजयश्रीनं लिहिलेला असायचा.

अण्णांना हे ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. चिंचवड स्टेशनजवळच्या एका टूर कंपनीत विजयश्री मजकूर लिहायच्या नोकरीला होती. जाहिराती, सहलीच्या पुस्तिका, प्रवाशांना पाठवायचे निरोप, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. मालक सोपानराव पूर्वी निघोजे आणि चाकणच्या कंपन्यांना कामगारांच्या बस पुरवायचे, आता माणसं थेट युरोपात नेऊन सोडत. पेपरवाल्यांनी सदराचं विचारलं तेव्हा सोपानरावांनी एका वाक्यात निकाल लावला. जो जाऊन आलाय त्याचंच नाव छापायचं, लोकांचा विश्वास डोळ्यांवर असतो, हातावर नसतो. स्वरूपा टूर मॅनेजर, वर्षातले आठ महिने परदेशात. तेव्हा डोळे स्वरूपाचे आणि हात विजयश्रीचे, असं ठरलं. बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही, म्हणून विजयश्रीची एका कागदावर सही घेतली. सही करताना तिला त्यात गंमतच वाटली होती.

गंमत पहिले तीन रविवार टिकली. चौथ्या रविवारी अण्णा मोठ्यानं वाचायला लागले. भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, तीस-बत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळंच मोठ्यानं करायचे. ऐक विजू, काय लिहिते ही पोरगी, असं म्हणून त्यांनी विजयश्रीचीच वाक्यं विजयश्रीला वाचून दाखवली. कांदा चिरता चिरता तिला ती ऐकावी लागली. वाचून झाल्यावर अण्णांनी कात्रीनं लेख कापला, फाइलला लावला आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, तू पण त्याच ऑफिसात बसतेस, जरा तिच्याकडून शिकून घेत जा.

त्या दिवशी जी कळ आली ती पुढे वर्षभर गेली नाही.

बरं, स्वरूपा वाईट असती तरी सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. मूळची कोकणातली, बोलकी, हाताची मोकळी. प्रत्येक टूरवरून विजयश्रीसाठी चॉकलेट आणि फ्रिजला लावायचं चुंबक आणायची. विजयश्री ती चुंबकं पर्सच्या तळाशी टाकून द्यायची, अण्णा ती शोधून काढून फ्रिजला लावायचे. मोशीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पाणी प्यायला उठलं की स्वरूपाची सतरा गावं समोर दिसायची. आणि वर ती ऑफिसात येऊन पाय चोळत म्हणायची, अगं, मी काही बघत नाही गं, मी नुसती डोकी मोजते आणि पासपोर्ट सांभाळते. विजयश्रीला त्याचा जास्त राग यायचा. ज्याचं ताट भरलेलं आहे त्यानं भूक नाही म्हणावं, तसलं ते बोलणं.

विजयश्री स्वतः गोव्याच्या पलीकडे गेलेली नव्हती.

तिची लिहायची रीत अशी होती. स्वरूपा शंभर-दीडशे फोटो पाठवायची आणि तोंडी सांगायची की मस्त आहे, फुलंच फुलं, घरं बुटकी. विजयश्रीला जे लागायचं ते त्यात कधीच नसायचं. सकाळी पहिलं दार कोणाचं उघडतं, म्हातारी माणसं उन्हाला कुठं बसतात, तिन्हीसांजेला गावाचा आवाज कसा असतो. फोटोत हे येत नाही. मग ती ते अण्णांच्या गावातून आणायची. पाटोद्याकडचं ते गाव तिनं लहानपणी दोन-तीनदाच पाहिलं होतं, पण सुट्टीच्या दिवशी जेवायला बसलं की अण्णा गावाचंच बोलायचे, त्यामुळे तिथला दगड न् दगड तिला तोंडपाठ होता. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाटच्या तळ्यावरचा पहाटेचा गारवा तिनं लिहिला, तो अण्णांच्या गावच्या पायऱ्यांच्या बारवेतला होता. इटलीतल्या अल्बेरोबेलोची निमुळती दगडी छपरं तिनं धान्याच्या कणगीवरच्या झाकणांनी समजावली. जपानच्या शिराकावात सगळं गाव मिळून एकेका घराचं छप्पर शाकारतं, हे वाचल्यावर तिनं सरळ अण्णांच्या गावचा ‘इर्जिक’ हा शब्द घातला. तो रविवार अण्णांनी डोक्यावर घेतला. जपानात इर्जिक, जपानात इर्जिक, असं ते बागेतल्या रिटायर मंडळींना सांगत फिरले. कोकणातल्या पोरीला हा शब्द कुठून सुचला, एवढंही त्यांच्या मनात आलं नाही. माणसाला एकदा कोणी आवडलं की त्याच्या शंका संपतात.

मार्चमध्ये एक दिवस पेपरच्या वाचकांच्या पत्रांत अण्णांचं पत्र छापून आलं. विजयश्रीला त्याचा पत्ता नव्हता. स्वरूपा त्या दिवशी ऑफिसात होती, तिनंच ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सदरातली गावं वाचताना आपणच तिथं लहानाचे मोठे झालो असं वाटतं, असं अण्णांनी लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी होती: ‘ज्या आईबापांच्या पोटी अशी लेक जन्माला आली ते धन्य होत.’ खाली नाव, अर्जुनराव, मोशी. स्वरूपा लाजली, हसली, आणि हे तुझेच बाबा ना गं, म्हणून तिनं विजयश्रीला मिठी मारली.

विजयश्रीनं मिठी मारू दिली. अंगाचा नुसता तिळपापड होत होता, पण ती हसली. मग जागेवर येऊन बसली आणि त्याच दुपारी तिनं एकतिसावा लेख लिहिला.

लेख हॉलंडमधल्या गिथूर्नवर होता. त्या गावात रस्त्यांच्या जागी कालवे आहेत, माणसं होडीतून ये-जा करतात, घरोघर लाकडी पूल आहेत. एवढं खरं लिहून झाल्यावर तिनं एक खोटं लिहिलं, आणि ते मुद्दाम पत्त्यासकट लिहिलं, म्हणजे कोणालाही जाऊन तपासता यावं. ‘होड्या लागतात तिथून डाव्या हाताला निघायचं. तिसऱ्या पुलाच्या कठड्याशी एक म्हातारा बसलेला असतो. येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला तो एकच विचारतो, तू कोणाचा? तुमचं नाव त्याला नको असतं, देश नको असतो, कामधंदा नको असतो. बापाचं नाव सांगितलं की तो मान हलवतो, आणि त्या क्षणापासून तुम्ही त्या गावचे होता.’

मेमधली युरोपची टूर गिथूर्नला थांबणार होती आणि ती स्वरूपाच नेणार होती. चाळीस माणसं तिला विचारणार होती, कुठाय म्हातारा? तोंडावर पडू दे एकदा, एवढाच विजयश्रीचा हिशोब होता. लेख छापायच्या आधी स्वरूपानं वाचून संमती द्यायची, असा नियम होता. पण ती तेव्हा मुंबई विमानतळावर कोणाची तरी हरवलेली बॅग शोधत होती. दोन मिनिटांत तिचा उंचावलेला अंगठा आला.

म्हातारा विजयश्रीनं हवेतून आणला नव्हता. तो अण्णांचा चुलता, चिमाजी. गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, कुणाचा रं तू? अण्णा भोसरीहून वर्षा-दोन वर्षांनी गावी जायचे तेव्हा ते म्हणायचे, कोंडीरामाचा. चिमाजी त्यांना चांगला ओळखायचा, तरी विचारायचा, आणि तेही उत्तर द्यायचे. आईवडील गेले, भाऊ बारामतीकडे गेला, घर पडलं. अण्णा शेवटचे गेले त्याला पंधरा वर्षं झाली. वेशीत सिमेंटची कमान उभी राहिली होती आणि मोटरसायकलवर बसलेल्या एका पोरानं त्यांना विचारलं, कोण पाहिजे? अण्णा आले तसे परत फिरले. कुणाचा असं विचारत होते तिथं कोण पाहिजे विचारतात, हे त्यांनी घरी येऊन एकदाच सांगितलं आणि त्यानंतर गावी जायचं नाव काढलं नाही.

त्या रविवारी अण्णांनी एकतिसावा लेख मोठ्यानं वाचला नाही. विजयश्री ओट्याशी उभी राहून वाट बघत होती. आता ओळखतील, आता मान वर करतील आणि विचारतील, असं तिला वाटलं. तिला भीतीही वाटत होती आणि तेच हवंही होतं. अण्णांनी तेवढा परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा काढला, काय गाव असेल, एवढंच म्हणाले, आणि सदरा घालून बाहेर पडले.

ते कुठं गेले हे तिला सोमवारी कळलं. मेच्या टूरची यादी पुस्तिका करण्यासाठी तिच्या टेबलावर आली. बत्तिसावं नाव होतं अर्जुनराव कोंडीराम.

घरी येऊन तिनं विचारलं, तर अण्णा शाळेतल्या पोरासारखे अवघडले. तुला आधी सांगितलं असतं तर तू गुडघ्यांचं काढलं असतंस, म्हणाले. पासपोर्ट होताच, तिच्या आईला एकदा दुबई दाखवायची म्हणून दोघांनी काढला होता आणि ती गेल्यावर ते राहून गेलं होतं. विजयश्रीनं न राहवून विचारलं, एकट्याचंच केलंत बुकिंग? त्यावर अण्णा अगदी निर्मळपणे म्हणाले, तुला काय, तुझं ऑफिसच ते, तू कधीही जाशील.

पुढचे दोन महिने विजयश्रीला धड झोप लागली नाही. अण्णा तो पूल शोधणार हे उघड होतं. त्यांना कसं सांगावं? सांगायचं तर कोणी लिहिलं ते सांगावं लागणार, आणि लिहिलं ते सांगितलं की खोटं का लिहिलं तेही सांगावं लागणार. स्वरूपाला सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी हसून विसरून गेली असती, पण तिच्यापुढे मान खाली घालायची विजयश्रीची तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरंही वाटत होतं. आता अण्णा स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, की त्यांची लाडकी लेखिका थापा मारते. मग फाइल बंद होईल, चुंबकं उतरतील. असं मनात आलं की पुढच्याच क्षणाला तिला दिसायचं, परक्या देशात पुलावर टोपी घालून उभे राहिलेले अण्णा, आणि विचारणारं कोणी नाही. तेव्हा तिला स्वतःची शिसारी यायची. पण तोंड काही उघडायचं नाही.

एकदा तिनं आडून सांगून बघितलं. लेखात लिहिलेलं सगळं तिथं असतंच असं नाही अण्णा, लिहिणारे थोडं आपलं घालतात. अण्णा बॅगेत थर्मल घालत होते.

“दुसऱ्यांचं नसंल,” ते म्हणाले. “स्वरूपाचं असतं.”

विजयश्रीनं दुसऱ्या थर्मलची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

टूर निघाली. सहाव्या दिवशी गिथूर्न होतं. विजयश्री दिवसभर ऑफिसात फोन उलटा ठेवून बसली आणि दर पाच मिनिटांनी सुलटा करून बघत राहिली. दुपारनंतर ग्रुपवर फोटो यायला लागले. कालवे, बदकं, गवताच्या छपरांची घरं, एकसारख्या लाल टोप्यांतली आपली माणसं. एकाही फोटोत अण्णा नव्हते. तक्रार एकाचीही नव्हती. संध्याकाळी घरी जायला निघाली तेव्हा स्वरूपाचा निरोप आला. त्यात दोनच शब्द होते, ‘तिसरा पूल’, आणि खाली लिहिलं होतं, आल्यावर बोलू. पण स्वरूपा मुंबईहूनच दुसरी टूर घेऊन परस्पर निघून गेली, त्यामुळे ते बोलणं तसंच राहिलं.

अण्णा परत आले. दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयश्री ऑफिसातून आली तर ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. तिनं चहा टाकला. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “तिथं म्हातारा नव्हता.”

विजयश्री दुधाच्या पातेल्याकडे बघत राहिली. अण्णा सांगत होते. होडीतून उतरल्या उतरल्या सगळी मंडळी डाव्या हाताला निघाली. तिसरा पूल आला. कोणी नव्हतं. कोणी म्हणालं मोजायला चुकलो, कोणी म्हणालं उजवीकडून मोजा. त्या गावात पुलांना काय तोटा, दीडशेच्या वर आहेत. एक्केचाळीस माणसं तासभर पूल चढत होती आणि उतरत होती. गुडघे बोलायला लागले. एका घरातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला की ही लाल टोप्यांची माणसं काय हरवलंय म्हणून हिंडतायत. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ भडकले, ही फसवणूक आहे, मी पेपरला लिहिणार, म्हणाले. स्वरूपा लालबुंद झाली. तिनं फोन काढून तो लेख तिथंच उभ्या उभ्या वाचला. मला तर वाटलं, अण्णा म्हणाले, की ही पोरगी तो पहिल्यांदाच वाचतेय.

विजयश्रीनं गॅस बारीक केला.

मग स्वरूपा तिसऱ्या पुलावर गेली, कठड्याला टेकून उभी राहिली, आणि सगळ्यात पुढे होत्या त्या काकूंना तिनं विचारलं, कोणाच्या तुम्ही? काकू आधी हसल्या. मग त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांना रडू आलं. बहात्तर वर्षांच्या बाई त्या. म्हणाल्या, लग्न झाल्यापासून मला हे कोणी विचारलंच नाही. मग रांगच लागली. बँकवाले गृहस्थसुद्धा रांगेत उभे राहिले. स्वरूपा एकेकाला विचारत होती, मान हलवत होती, पुढच्याला विचारत होती. लोक म्हणाले, सगळ्या युरोपात एवढं एकच बघण्यासारखं झालं.

ऐकता ऐकता विजयश्रीच्या जिवाची काहिली झाली. तिनं खोटं लिहिलं, तेही स्वरूपानं खरं करून स्वतःच्या पदरात घेतलं. चिमाजी आजोबांच्या जागेवर ती कोकणातली पोरगी उभी राहिली आणि चाळीस माणसांनी तिच्यापुढे आपापल्या बापाचं नाव घेतलं. आता अण्णांच्या फाइलला देव्हाऱ्यात जागा मिळायचीच बाकी होती.

“तुम्ही काय सांगितलंत?” तिनं विचारलं.

“काय न्हाई. माझी पाळी आली तसा मी लघवीला जाऊन येतो म्हणून सटकलो.”

विजयश्रीनं वळून बघितलं. अण्णा रिकाम्या कपाची कड अंगठ्यानं घासत होते.

“मला त्या पोरीचा राग आला, विजू. म्हातारा न्हाई म्हटल्यावर माझ्या ध्यानात आलं, चिमाजी काकाचं ते. आपल्या घरातलं. आणि ती सगळ्या बसला वाटत होती. मी बाजूला उभा राहून जळत होतो नुसता.” ते थांबले. “तू का सांगितलंस तिला? घरातलं ते घरातच ठेवायचं ना.”

आधी विजयश्रीला आनंदच झाला, आणि तो लपवता येण्यासारखा नव्हता. चाळीस माणसांनी स्वरूपाला उत्तर दिलं होतं, एकानं दिलं नव्हतं, आणि तो एक तिचा बाप होता. वर्षभर कुढून कुढून जे मिळालं नव्हतं ते एका लघवीच्या निमित्तानं मिळालं. मग अण्णांचा दुसरा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला. त्यांनी चिमाजीला ओळखलं होतं, पण तिला अजूनही ओळखलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती नुसती घरातलं बाहेर सांगणारी होती.

“मी तिला सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मीच लिहिलं. पहिल्यापासूनचे सगळे मीच लिहिलेत, अण्णा. नाव तेवढं तिचं असतं.” आणि एवढं बोलून झाल्यावर उरलेलंही आत ठेववेना. “म्हातारा तिथं नाही हे मला माहीत होतं. ती तोंडावर पडावी म्हणून घातला. तुम्ही तिचं कौतुक करता ते मला बघवत नव्हतं.”

चहा उतू गेला, तो तिनं पुसला. अण्णा उठून बाहेरच्या खोलीत गेले, फाइल घेऊन आले, चष्मा लावला आणि पहिल्या लेखापासून वाचायला लागले. या वेळी मनातल्या मनात. विजयश्री समोर उभी होती. वर्षभर पोटात बाळगलेली गोष्ट सांगून झाली होती, आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून ती कान टवकारून उभी होती.

“हे चुकलंय,” अण्णा म्हणाले.

बारवेला अकरा पायऱ्या होत्या, तिनं नऊ लिहिल्या होत्या. इर्जिकेचं जेवण ज्याचं काम त्याच्या घरी असतं, तिनं ते शेजाऱ्याकडे घातलं होतं. कणगीचं झाकण असं निमुळतं नसतं. तिन्हीसांजेला आधी गुरं येतात, मग देवळातली घंटा होते, तिनं उलटं केलं होतं. आणि चिमाजी काका वेशीत बसायचा, आपल्या गावाला पूल कुठं होता? अण्णा बोट ठेवून एकेक दाखवत गेले. वर्षभर हाच मजकूर त्यांनी मांडीवर घेऊन वाचला होता आणि स्वरूपाचा होता तोवर त्यात काना-मात्रा चुकलेला नव्हता. विजयश्रीचा झाल्याबरोबर चुका निघायला लागल्या. तिला खरंच एक क्षण वाटलं, की आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, निदान रविवारी कौतुक तरी ऐकायला मिळत होतं. आता ते कौतुकही स्वरूपाकडेच राहिलं.

एकतिसाव्या लेखापाशी अण्णा थांबले. पुन्हा मागे गेले. हॉलस्टाट, अल्बेरोबेलो, शिराकावा. प्रत्येक पानावर थोडं थोडं थांबले. मग त्यांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता हिशेब न लागणाऱ्या माणसासारखा झाला होता.

“हे तर सगळं आपलंच गाव हाय,” ते म्हणाले.

विजयश्रीनं मान हलवली.

“मग मी एवढ्या लांब काय बघायला गेलो होतो, विजू?”

वर्षभर तिला वाटत होतं की अण्णांच्या डोळ्यांपुढे रविवारी सकाळी स्वरूपा असते, आणि त्या जागेसाठी ती जळत होती. तिथं स्वरूपा कधीच नव्हती. आज एवढं सगळं सांगून झाल्यावर विजयश्रीही नव्हती. तिथं पाटोद्याकडचं एक गाव होतं आणि वेशीत बसलेला एक माणूस होता, आणि तो माणूस मरूनही आता वीस वर्षं होत आली होती.